बेळगावच्या पानावर कुणीही लिहू शकतं, मग विश्वास कशावर ठेवायचा?

विकिपीडियावर बेळगावचं पान उघडलं की सीमाभागातल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे लिहिलंय कुणी? आपल्यातल्या कुणी, की पलीकडच्या कुणी? प्रश्न रास्त आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून ज्या गावाच्या नावावरून, पाट्यांवरून, कारभाराच्या भाषेवरून वाद चाललाय, त्या गावाबद्दल जगातलं कुणीही जिथे लिहू-खोडू शकतं, तिथल्या मजकुरावर पटकन विश्वास बसणार कसा? तरीही खानापूर, निपाणी, शहापूर, वडगावातली पोरं शाळेच्या प्रकल्पासाठी तिथूनच माहिती उतरवून घेतात. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "त्याचं काय खरं धरतोस? कोण पण काय पण लिहितंय की त्यात."

कुणीही लिहू शकतं हे अगदी खरं आहे. पण लिहिलेलं तिथे टिकणं सोपं नाही. ते टिकतं कसं आणि पडतं कसं, हे आपल्या भागातल्या लोकांना माहीत असायला हवं, कारण आपल्या गावांची ओळख बाहेरच्या जगाला आता बहुतेक तिथूनच होते. शोधयंत्रं तोच मजकूर वर दाखवतात आणि प्रश्नांना उत्तरं देणारी एआय यंत्रंही त्यावर शिकलेली असतात. ही व्यवस्था समजून घेतल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगतो. वादाची जी मोठी पानं आहेत, त्यांची आपण जेवढी काळजी करतो तेवढा धोका त्यांना नसतो. धोका असतो आपल्या वाडीच्या, देवळाच्या, ओढ्याच्या छोट्या पानाला. तिकडे कुणी फिरकतच नाही.

आधी छापायचं, मग तपासायचं

विकिपीडियाच्या आधी त्याच मंडळींनी उलटा प्रयोग केला होता. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश सुरू केला. त्यात तज्ज्ञांनी लिहायचं आणि सात टप्प्यांच्या तपासणीतून पार झालं तरच लेख प्रसिद्ध करायचा, अशी रीत होती. ऐकायला ही रीत चांगलीच वाटते. पण पहिल्या वर्षभरात जेमतेम वीसएक लेख पूर्ण झाले. मग १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि क्रम पालटला. मजकूर लगेच दिसेल, तपासणी त्यानंतर होईल आणि ती कुणीही करू शकेल. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी याच पद्धतीवर उभा राहिला.

दारातच अडवणारा कुणी नसेल तर चूक आत शिरणारच. ती शिरू नये म्हणून जीव काढण्यापेक्षा शिरलेली चूक दिसावी आणि चटकन काढता यावी, याची सोय या पद्धतीत केलेली असते. त्या सोयीचा पाया म्हणजे पानाचा इतिहास. वाचकांपैकी फारच थोडे तिकडे बघतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूला 'इतिहास पहा' असा दुवा असतो. तो उघडला की पान जन्मल्यापासूनचा एकेक बदल ओळीनं दिसतो. कुणी केला, कोणत्या तारखेला, किती वाजता, किती मजकूर वाढला की घटला, आणि करणाऱ्यानं कारण काय दिलंय. शेताच्या उताऱ्यामागे फेरफाराच्या नोंदी असतात ना, तसंच. आज नाव कुणाचं लागलंय एवढ्यावर न थांबता ते कधी आणि कशाच्या आधारे लागलं हे मागे जाऊन पाहता येतं. फरक इतकाच, की इथे त्या नोंदी बघायला कुठल्या कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत आणि त्या कुणाला गुपचूप फाडूनही टाकता येत नाहीत. खाजगी माहिती किंवा बदनामीचा मजकूर असेल तर प्रचालक, म्हणजे खास अधिकार मिळालेले सदस्य, एखादी आवृत्ती झाकू शकतात, पण तिथे काहीतरी झाकलंय याची खूण मागे राहते.

आता जवळून बघू. बेळगावात डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं ३९वं अधिवेशन भरलं आणि महात्मा गांधी त्याचे अध्यक्ष होते. गांधीजींनी अध्यक्षपद घेतलेलं हे एकमेव अधिवेशन. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच वेळची. समजा, कुणीतरी पानावर जाऊन १९२४ चं १९४२ केलं. मुद्दाम किंवा चुकून, काहीही धरा. इतिहासात त्या बदलापुढे मजकूर किती बदलला याचा आकडा येतो, आणि तो येईल शून्य. कारण आकड्यांची जागा बदलली, संख्या तेवढीच राहिली. दुसरं उदाहरण घ्या. 'मंजूर' या शब्दाचं 'नामंजूर' केलं तर तिथे नुसतं '+६' दिसेल. संगणक देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवतो, 'न' आणि काना मिळून सहा. वाक्याचा अर्थ पार उलटा होतो आणि नोंद दिसते ती सहाची. म्हणून जाणता संपादक त्या आकड्यावर न थांबता शेजारच्या 'फरक' या दुव्यावर जातो. तिथे डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा, आणि बदललेली अक्षरं रंगानं उठून दिसतात. १९२४ आणि १९४२ समोरासमोर आले की लपायला जागाच उरत नाही. तिथूनच एका क्लिकवर जुनी आवृत्ती परत आणता येते.

बिघडवायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा दुरुस्त करायला कमी लागतो. पान पुसून टाकणाऱ्याला आधी निवडावं, खोडावं, जतन करावं लागतं, परत आणणाऱ्याला एक कळ दाबावी लागते. खोडसाळ माणूस लवकर कंटाळतो तो यामुळेच.

नजर ठेवणारी माणसं आणि सांगकामे

पण कळ दाबायला कुणीतरी बघत तर असायला हवं. त्यासाठी दोन याद्या आहेत. 'अलीकडील बदल' या यादीत संपूर्ण विकिपीडियावर आत्ता जे काही होतंय ते सरकत असतं. दुसरी यादी ज्याची त्याची, निरीक्षणसूची. पानावरच्या चांदणीवर बोट ठेवलं की ते पान आपल्या सूचीत जातं आणि त्यात कुणी कानामात्रा बदलली तरी आपल्याला कळतं. ज्या पानावर शंभर माणसांची नजर आहे तिथली चूक मिनिटांत निघते. जिथे एकाचीही नाही, तिथली वर्षानुवर्षं राहते.

माणसांच्या जोडीला यंत्रं आहेत. मराठी विकिपीडियावर त्यांना सांगकामे म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर क्लूबॉट एनजी नावाचा सांगकाम्या २०१० पासून उत्पात, म्हणजे पान मुद्दाम बिघडवणारे बदल, शोधून आपोआप परतवतो. माणसांनी 'हा उत्पात, हा नाही' असं ठरवून दिलेल्या हजारो उदाहरणांवरून तो शिकलाय. शिवीगाळ, पान कोरं करणं, एकच अक्षर पन्नास वेळा दाबणं हे त्याच्या तावडीतून सहसा सुटत नाही. याशिवाय गाळण्या असतात. ठरावीक प्रकारचा बदल जतन होण्याआधीच त्या अडवतात किंवा त्यावर खूण करतात.

यंत्राला न पकडता येणारी गोष्ट म्हणजे शांतपणे केलेला, सभ्य दिसणारा खोटा बदल. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, हे जैन मंदिर, इ.स. १२०४ ची, रट्ट राजवटीतली. कुणी तिचं साल १२४० केलं तर सांगकाम्याला त्यात काही वावगं दिसणार नाही. ते ओळखायला ज्यानं तिचा इतिहास वाचलाय असाच माणूस लागतो. मराठीत अडचण दुहेरी आहे. यंत्राला शिकवायला लागणारी उदाहरणंही कमी आणि बघणारी माणसंही कमी.

नजर असली की काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण २०२२ मधलं. ४ सप्टेंबरला आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला आणि थोड्याच वेळात त्याच्या इंग्रजी पानावर कुणीतरी भारताच्या जागी खलिस्तान असं लिहून ठेवलं. तो मजकूर काही मिनिटांतच काढला गेला आणि नव्या-अनोळखी लोकांना ते पान बदलता येऊ नये अशी व्यवस्था झाली. पण तेवढ्या मिनिटांत त्याचे फोटो काढून लोकांनी देशभर फिरवले, आणि केंद्र सरकारनं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेकडे खुलासा मागितला. दुरुस्ती कितीही लवकर झाली तरी तिला मर्यादा आहे, ती ही. फिरलेला फोटो दुरुस्त होत नाही. व्हॉट्सॲपवर एखाद्या पानाचा फोटो आला तर तो पुढे पाठवण्याआधी मूळ पान आत्ता काय म्हणतंय ते उघडून बघावं, हे मी भेटेल त्याला सांगतो.

आधार काय, हा खरा प्रश्न

आतापर्यंत झालं ते उत्पाताचं. आपल्याकडचा खरा गुंता वेगळा आहे. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक असतात, दोघांनाही आपलंच खरं वाटतं. अशा वेळी निवाडा कोण करणार?

कुणीच करत नाही. विकिपीडिया सत्य कोणतं ते ठरवायला बसत नाही. कुणी विश्वासार्ह ठिकाणी काय छापलंय, एवढंच तो मांडतो. त्याचे तीन मूळ नियम आहेत. मजकूर तटस्थ असावा, पडताळता यावा, आणि संपादकानं स्वतःचं संशोधन त्यात घालू नये. आधार नसलेल्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लावतात आणि आधार आलाच नाही तर ते वाक्य काढता येतं.

तटस्थ म्हणजे दोघांच्या मधोमध, असा अर्थ लोक घेतात. तो बरोबर नाही. सीमाप्रश्नच बघा. या वादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९६७ चा. त्यात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस होती आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं होतं. कर्नाटकानं तो स्वीकारला, महाराष्ट्रानं फेटाळला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या वाक्यांत कुणाची बाजू घेतलेली नाही, तरीही वाद पूर्ण समजतो, आणि बेळगावच्या चौकातली दोन भिन्न मताची माणसंही यातल्या एका शब्दावर बोट ठेवू शकणार नाहीत. याउलट 'बेळगाव महाराष्ट्राचंच आहे' किंवा 'बेळगाव कर्नाटकाचा अविभाज्य भाग आहे' ही मतं झाली. ती पानावर येऊ शकतात, पण कुणाचं मत आहे त्याच्या नावासकट. प्रशासनाच्या दृष्टीनं जिल्हा आज कर्नाटकात आहे, हेही तिथे लिहिलेलं असणार. आपल्यापैकी अनेकांना ते वाक्य वाचताना टोचतं. मलाही टोचतं. पण ते वाक्य कुणाचा हक्क मान्य किंवा अमान्य करत नाही.

आकड्यांचं प्रकरण यापेक्षा नाजूक. महाराष्ट्राचा दावा किती गावांवर? सीमाभागात कुणालाही विचारा, ८६५ हा आकडा तोंडपाठ असतो. महाराष्ट्र विधिमंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये केलेल्या ठरावातही ८६५ च आहे. पण अनेक वर्तमानपत्रांत, विशेषतः इंग्रजी, ८१४ असंही छापून येतं. अशा वेळी आपल्याला पटणारा आकडा ठेवून दुसरा खोडला, तर उद्या दुसरा कुणी येऊन उलट करणार. नीट काम करणारा संपादक दोन्ही आकडे आपापल्या आधारासह ठेवतो आणि कोणता आकडा कोणत्या कागदात आलाय ते सांगतो.

लोकसंख्येचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती. जिल्हा केवढा मोठा आहे! अथणी, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग हे मुख्यतः कन्नड बोलणारे तालुके त्यात आहेत, आणि मराठी माणसं मोठ्या संख्येनं आहेत ती बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत, निपाणी भागात. जिल्ह्याची टक्केवारी उचलून खानापूरच्या पानावर लावली तर चित्र खोटं होतं, आणि खानापूरची टक्केवारी जिल्ह्याला लावली तरीही तेवढंच खोटं. दोन्ही वेळा संदर्भ खरा असतो, आकडाही खरा असतो. म्हणून संदर्भ आहे एवढं पाहून थांबू नये. तो संदर्भ उघडून त्या वाक्याला खरोखर आधार देतो का, हे पाहावं लागतं. मला विचाराल तर संपूर्ण पडताळणीतलं हे सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

आणखी एक सापळा सांगतो. विकिपीडियावरचं आधार नसलेलं वाक्य एखादा वार्ताहर घाईत उचलतो, ते वर्तमानपत्रात छापून येतं, आणि मग तेच कात्रण विकिपीडियावर त्या वाक्याचा संदर्भ म्हणून लागतं. वर्तुळ पूर्ण. अशी जागा ओळखायची खूण एकच. पानाच्या इतिहासात ते वाक्य कधी आलं ते बघायचं आणि बातमीची तारीख त्याच्याशी ताडून पाहायची. बातमी नंतरची असेल तर सावध व्हावं.

तिसरा नियम, स्वतःचं संशोधन नको, हा मात्र आपल्या भागाला जाचतो. आजीनं सांगितलेलं, यल्लमाच्या जत्रेत ऐकलेलं, गावच्या पाटलांच्या तोंडी असलेलं कितीतरी काही कुठेच छापलेलं नाही. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये बेळगाव जिल्ह्याचा स्वतंत्र खंड आहे, पण तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेनं लिहिलेला. जे गावानं जपलं ते त्यात नाही आणि म्हणून विकिपीडियावरही नाही. ही खरी हानी आहे आणि नियमाकडे बोट दाखवून ती भरून निघत नाही. उपाय एकच दिसतो, आधी ते दुसरीकडे नीट छापून आणायचं. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथे मराठी साहित्य संमेलनं भरतात. अशा संमेलनांच्या निमित्तानं, वाचनालयांच्या किंवा शाळांच्या वर्धापनदिनाला गावाचा इतिहास जाणकारांकडून तपासून छापला, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घातली, तर उद्या कुणाला त्याचा आधार घेता येईल. छापील सगळंच विश्वासार्ह ठरतं असं नाही, पण तोंडी राहिलेल्याला उभं राहायला जागाच नसते.

भांडण वाढलं तर

एकानं बदललं, दुसऱ्यानं परतवलं, पहिल्यानं पुन्हा बदललं. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा असं परतवलं की बंदी येऊ शकते, मग तुमचं म्हणणं बरोबर का असेना. वादाची जागा पानावर नाही, त्याच्या मागच्या 'चर्चा' या पानावर आहे. तिथेही हात वर करून मतं मोजत नाहीत, कोणाच्या बाजूला आधार भक्कम आहे ते पाहतात.

त्यामुळे 'सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता त्या पानावर जाऊन नाव बदला' असा निरोप गटांतून फिरतो तेव्हा त्याचा उपयोग होत नाही, उलट आपलंच नुकसान होतं. एका तासात वीस नवी खाती उघडून तोच बदल करू लागली की नजर ठेवणाऱ्यांना ते लगेच समजतं. एकच माणूस अनेक खात्यांनी लिहितोय असा संशय आला तर खास अधिकार दिलेले मोजके सदस्य तांत्रिक नोंदी तपासतात. मग पान कुलूपबंद होतं. साधं कुलूप असेल तर इंग्रजी विकिपीडियावर चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं खातं लागतं, कडक असेल तर तीस दिवस आणि पाचशे संपादनं. दक्षिण आशियाशी निगडित वादाचे विषय तिथे खास देखरेखीखाली आहेत, प्रचालक त्यांत लगेच निर्बंध लावू शकतात. कुलूप लागलं की ज्याच्याकडे खरंच चांगला संदर्भ आहे असा आपलाच नवा माणूसही बाहेर राहतो.

नावाच्या वादाचं उत्तरही याच चौकटीत मिळतं. कर्नाटक सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी केलं. पण विकिपीडियावर पानाचं नाव सरकारी आदेशानं आपोआप बदलत नाही. त्या भाषेतली विश्वासार्ह लेखनं कोणतं नाव सर्रास वापरतात ते पाहिलं जातं. त्याच दिवशी बंगळूरचंही इंग्रजी नाव बदललं होतं, तरी इंग्रजी विकिपीडियावरचं पान कितीतरी वर्षं जुन्याच नावानं होतं. मराठीत लोक बेळगाव म्हणतात, लिहितात, छापतात, म्हणून मराठी पान 'बेळगाव'. कन्नड पानावर कन्नड नाव. इतर नावं लेखाच्या सुरुवातीला येतात आणि त्या नावांनी शोधणाऱ्यालाही त्याच पानावर आणून सोडतात. यात मला कुणावर अन्याय दिसत नाही.

नकाशाचं मात्र जरा वेगळं आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला, लोकांनी मिळून काढलेला नकाशा. त्यातल्या प्रत्येक रस्त्याला, विहिरीला, गावाला आवृत्त्यांचा इतिहास असतो आणि प्रत्येक बदलासोबत टीप लिहायची असते. वाद झाला तर तिथला दंडक असा की प्रत्यक्ष जागेवर जे आहे ते लिहा. पाटीवर काय आहे ते पाहा. आता आपल्याकडे पाटीवर काय असावं हेच कायद्यानं ठरतं. कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असायला हवा. म्हणजे 'जागेवर जे आहे ते' हा दंडक दिसायला निःपक्षपाती, पण ज्याच्या हाती पाटी आहे त्याच्याकडे झुकणारा. हे मला खटकतं. त्यातून वाट अशी आहे की त्या नकाशात मुख्य नावाखेरीज प्रत्येक भाषेतल्या नावाला स्वतंत्र रकाना असतो, शिवाय जुनं नाव, पर्यायी नाव यांनाही. मराठी नावाचा रकाना भरल्यानं कुणाचं काही खोडलं जात नाही. खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांची, पाणवठ्यांची मराठी नावं तिथे भरायला आज कुणाचीही आडकाठी नाही. कंपन्यांच्या मालकीच्या नकाशांवरही लोक दुरुस्त्या सुचवतात, पण ती सूचना का घेतली किंवा का नाकारली, याचा असा सर्वांना उघडा इतिहास तिथे मिळत नाही.

जिथे हे सगळं कोसळतं

व्यवस्था फसली आहे, आणि चांगलीच फसली आहे. अमेरिकन पत्रकार जॉन सिगेनथेलर यांच्या पानावर मे २००५ मध्ये कुणीतरी त्यांचा केनेडी बंधूंच्या हत्येशी संबंध जोडला. तो धादांत खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच होता. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर खातं नसलेल्यांना नवं पान काढायला बंदी झाली आणि हयात माणसांबद्दलचे नियम कडक झाले. निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडच्या उमेदवारांची पानं वाचताना हे ध्यानात असू द्या.

छोट्या भाषांचा धडा मला त्याहून मोलाचा वाटतो. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर एका अमेरिकन मुलानं वर्षानुवर्षं हजारो लेख लिहिले आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. २०२० मध्ये हे उघड झालं. तो मुलगा बदमाश नव्हता, तो हौसेनं लिहीत होता. त्याला 'बाळा, असं म्हणत नाहीत' असं सांगणारं, ती भाषा जाणणारं पुरेसं कुणी तिथे नव्हतं. क्रोएशियन विकिपीडियाचं वेगळंच झालं. तिथे एका मताच्या प्रचालकांच्या गटानं जवळपास दहा वर्षं पकड बसवली आणि इतिहासाची पानं आपल्या बाजूनं वाकवली. विकिमीडिया फाउंडेशनच्या २०२१ च्या अहवालात ते सविस्तर आलं. इतिहासाचं पान, चर्चा, नियम, कुलपं, सगळं तिथेही होतं. माणसं कमी होती आणि एकाच रंगाची होती.

आपल्या बाबतीत हे दोन्ही धोके एकत्र येतात. बेळगाव किंवा सीमाप्रश्न या पानांवर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीकडून लोक टपून असतात, त्यामुळे तिथे एक शब्द हलला तरी कुणाच्या तरी लक्षात येतो. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावाच्या दोन ओळींच्या पानाचं तसं नाही. तिथे गावाचं नाव चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घानं लिहिलेलं असेल, नदी मलप्रभेऐवजी घटप्रभा असेल, तर ते सुधारायला त्या गावचं माणूस यावं लागतं, आणि ते सहसा येत नाही. मोठ्या पानावर शंभरावं माणूस म्हणून जाण्यापेक्षा अशा पानावर पहिलं माणूस म्हणून जाणं कितीतरी उपयोगाचं आहे.

जायचं असेल तर कसं जावं, तेही सांगतो. स्वतःचं खातं काढा. आपल्या गावाची, आजूबाजूच्या चार-पाच गावांची, तुम्हाला ज्यातलं खरोखर कळतं अशा एखाद्या विषयाची पानं निरीक्षणसूचीत घाला. लिहून बघायची भीती वाटत असेल तर धूळपाटीवर सराव करा, तिथे काही बिघडत नाही. उघड चूक असेल तर संदर्भ देऊन थेट सुधारा आणि बदलाचं कारण एका ओळीत लिहा. वादाचं असेल तर आधी चर्चापानावर, साधारण असं: 'नमस्कार. इतिहास या विभागात अधिवेशनाचं साल १९४२ असं आलं आहे. ते डिसेंबर १९२४ मध्ये भरलं होतं. अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर तसं छापलेलं आहे. आठवडाभरात कुणाचा आक्षेप आला नाही तर दुरुस्त करेन.' खाली सही आणि वेळ आपोआप येण्यासाठी ~~~~ ही चार चिन्हं टाका. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर बदल करा. कुणी परतवला तर त्याच्याशी त्याच पानावर बोला, आणि तिथेही अडलं तर मराठी विकिपीडियाच्या चावडीवर विषय मांडा, तिथे प्रचालक आणि जुने सदस्य येत-जात असतात. कन्नड वाचता येत असेल तर त्याच गावाचं कन्नड पानही उघडून दोन्हीकडची सालं आणि आकडे ताडून पाहा. दोन पानांत फरक दिसला की दोघांपैकी एका ठिकाणी तरी संदर्भ तपासायची गरज आहे, आणि दोन्ही भाषा येणारी माणसं आपल्याइतकी दुसरीकडे क्वचितच असतील.